चार इंचाची नाली आणि मामाचा बगळा: अंबडकडच्या एका मोसंबीच्या बागेतलं प्रकरण

मी ड्रिपचं फिटिंग करतो, जालना जिल्ह्यात, त्यातही जास्त करून अंबड अन् घनसावंगी तालुक्यात, म्हणजे सगळा मोसंबीचा पट्टा. पाइपासाठी अरुंद नाली काढताना माती ओढायला मी एक अवजार वापरतो, खूप जण विचारतात की ते बगळ्यासारखं अवजार तुम्ही कुठून आणलं, कोणी शोधलं, त्याचं पेटंट का नाही घेतलं. दर वेळी अर्धवट सांगून होतं म्हणून एकदा सुरुवातीपासून लिहून ठेवतोय. यात काय काय फसलं तेही लिहितोय, कारण जे फसलं त्यातूनच ते अवजार झालंय.

काम माझ्या दाजीच्या बागेतलं. दोन एकर मोसंबी, अठरा बाय अठरा फुटांची लागवड, विहीर एका कोपऱ्यात. जुन्या ड्रिपचा पाइप वरच अंथरलेला होता, उन्हानं पीव्हीसी ठिसूळ झालेला, पाळी घालताना दोनदा फुटला, मग दाजी म्हणले आता एकदाच जमिनीत दाबून टाकू. त्रेसष्ट एमएमचा म्हणजे अडीच इंची पाइप, सहाशे फूट, दीड फूट खोल. एवढंच काम. जेसीबी बागेत घालायचा प्रश्नच नव्हता, फांद्या मोडतात, अन् नेहमीचं बकेट दोन फुटाच्या आसपास असतं, म्हणजे अडीच इंचाच्या पाइपाला दोन फुटाची नाली. म्हणून मजुरांना गुत्तं दिलं, म्हणजे ठेका. चार माणसं आली, टिकाव, फावडं, पहार घेऊन, अन् पहिल्या दिवशी एकशेवीस फूट नाली झाली, एक फूट रुंद.

संध्याकाळी तात्या आले, दाजींचे वडील. नालीच्या कडेनं चालत गेले, खाली वाकले अन् एक मुळी उचलली. बोटाएवढी जाड, टिकावानं चेचलेली, पांढरी आतून. मग दुसरी, मग तिसरी. काही बोलले नाहीत, सगळ्या मुळ्या गोळा करून पंच्यात ठेवल्या अन् घरी आणून दाजीपुढं टाकल्या. "झाडं तोडून पाणी देणार का रे तुम्ही?" एवढंच म्हणले, अन् दुसऱ्या दिवशी काम बंद.

तात्यांचं ऐकायला लागतं, त्याला कारण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी मशिनी लावून झाडं तोडली, सरपण झालं त्याचं. तात्यांनी टँकरनं पाणी आणून, खोडापाशी मडकी पुरून, ही दोन एकर जगवलेली. त्यातल्या झाडाची मुळी तुटली की त्या माणसाला काय होत असेल ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. अन् शास्त्रानंही त्यांचंच खरं होतं. मोसंबीच्या खाणाऱ्या मुळ्या वरच्या दीड-दोन फुटातच असतात, म्हणजे नेमक्या आपण नाली काढतो त्याच थरात. मुळी धारदार कापली गेली तर भरून निघते, पण चेचली, फाटली तर तिथून बुरशी आत जाते, मग डिंक्या रोग लागतो, खोडातून डिंक गळतो, झाड दोन-तीन वर्षांत वाळतं.

मी रात्रभर त्या एक फुटाचाच विचार करत होतो. पाइप अडीच इंचाचा, मग नाली एक फुटाची का? पंधरा वर्षं मी असल्या नाल्या बघत आलोय अन् हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सकाळी अर्धवट नालीत उतरून उभा राहिलो तेव्हा कळलं. माणसाचं पाऊल मावायला जागा लागते, फावडं आठ-नऊ इंचाचं असतं, टिकाव फिरवायला कोपर हलायला पाहिजे. नालीची रुंदी पाइप ठरवतच नाही, फावडं अन् माणसाचा पाय ठरवतो. म्हणजे माणूस नालीच्या बाहेर उभा राहून काम करू शकला तर रुंदी आपोआप कमी होते. हिशोब केला: सहाशे फूट लांब, दीड फूट खोल, एक फूट रुंद म्हणजे नऊशे घनफूट, नऊ ब्रास माती. तीच नाली चार इंचाची केली तर तीन ब्रास. सहा ब्रास माती आपण फुकट उकरतो अन् फुकट परत लोटतो, अन् त्या सहा ब्रासात सगळ्या मुळ्या.

मग लोहार मामाकडं गेलो. मामा म्हणजे सख्खे नाहीत, आमच्या गावातले, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं, भाता जाऊन ब्लोअर आला तरी ऐरण बापाचीच आहे. त्यांना म्हणलं मामा, चार इंचाचं फावडं करून द्या. मामा म्हणले, "करतो, पण ते चालायचं नाही." का म्हणून विचारलं तर म्हणले आधी वापरून तर ये.

जुनं फावडं दोन्ही बाजूनं कापून चार इंच केलं. खरंच चाललं नाही. वरची सहा इंच माती छान निघाली, त्याच्या खाली गेलं की दांडा नालीच्या काठाला टेकायचा, कारण फावड्याचा दांडा पात्याला तिरपा असतो अन् अरुंद नालीत तिरपा दांडा खाली जातच नाही. त्यात फावड्याचा पत्रा पातळ, कापल्यावर त्याची ताकद गेली, मुरमाला लागला की वळायचा.

दुसरं केलं सरळ पात्याचं, लांब दांड्याचं, खुरप्याचं मोठं भावंड म्हणा. ते खाली जायचं, माती मोडायचं, पण मोडलेली माती वर यायचीच नाही. उचलायला गेलं की निम्मी परत खाली. दोन तासांत माझी कंबर गेली. पण त्या दोन तासांत एक गोष्ट डोक्यात बसली, अन् सगळ्या प्रकरणात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. अरुंद नालीत माती फोडणं अवघड नाहीये, साधी पहारसुद्धा फोडते. अवघड आहे ती फुटलेली माती बाहेर काढणं. आपण सगळे "खोदायचं अवजार" शोधत होतो अन् अडचण खोदण्याची नव्हतीच.

हे मामांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले, मग जमिनीवर कोळशानं एक रेघ ओढली, सरळ वर, मग वाकडी, मग लांब. "बगळा मासा कसा काढतो बघितलास का? मान आधी सरळ खाली घालतो, अंग काठावरच." त्या रेघेतून बगळा झाला. वीस एमएमची लोखंडी सळई, पात्यापासून सव्वा फूट सरळ वर येते, मग वळण घेते अन् मग दांडा तिरपा माणसाकडं. म्हणजे जेवढा भाग नालीत जातो तेवढा सरळ, तिरपेपणा सगळा नालीच्या बाहेर. दांडा काठाला टेकायचा प्रश्न तिथंच मिटला. दांडा साडेचार फूट, बाभळीचा. मी आधी लोखंडी जीआय पाइप लावला होता, पण दुपारी हात भाजायचे अन् प्रत्येक ठोक्याला मनगटात झिणझिण्या, मग बाभूळच.

पातं मामांनी ट्रकच्या कमानपाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून काढलं, तापवून, घणानं ठोकून चार इंच रुंद केलं, टोकाकडं पातळ. पहिलं तापलेलं पातं कडक करायला पाण्यात बुडवलं, माझ्याच घाईनं, मामा नको म्हणत होते. केसाएवढी चीर गेली त्याला, डोळ्याला दिसली नाही, मुरमावर तिसऱ्या ठोक्याला कोपरा उडाला. कमानीचं लोखंड पाण्यात एकदम थंड केलं की तडकतं, त्याला तेलच पाहिजे. दुसऱ्या वेळी जळक्या ऑइलात बुडवलं, मग वरचा काळा थर घासून पातं परत हळूहळू तापवलं. हे बघायला मी मुद्दाम संध्याकाळी थांबलो होतो, शेडमधला बल्ब मामांनी बंद केला, अन् घासलेल्या पात्यावर रंग चढत गेला, आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, अन् निळा सुरू व्हायच्या आत मामांनी पातं बाजूला घेतलं. पिवळ्यावर थांबलं तर कडक राहतं अन् तुटतं, पार निळ्याच्या पुढं गेलं तर मऊ पडतं. मामा शाळेत चौथीपर्यंत गेलेत, त्यांच्याकडं थर्मामीटर नाही, पण तो रंग ते चुकत नाहीत.

आता पातं मानेला जोडायचं कसं. वेल्डिंग केलं, साध्या रॉडनं. वेल्ड टिकला पण वेल्डच्या शेजारून पातं तुटलं. या कडक लोखंडाला वेल्डिंगची आच लागली की लगतचा पट्टा काचेसारखा होतो. मग मामांनी दहा एमएमचे दोन नटबोल्ट टाकून बसवलं. आम्हाला वाटलं तात्पुरतं केलंय, पण झालं भलतंच चांगलं, कारण पातं झिजलं की नुसतं पातं बदलायचं, अन् चार इंचाच्या जागी तीन इंचाचं पण लावता येतं.

एवढं झालं तरी काळी माती होतीच. मराठवाड्याची काळी म्हणजे बेसाल्टाची माती, लाव्हा थंड होऊन झालेल्या खडकाची, तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज पाणी पिऊन फुगतं अन् वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन् पावसात चपलेला किलो-किलोचे गोळे. बगळ्याच्या पात्याला आम्ही माती सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी काठ वळवले होते, छान पन्हाळीसारखं दिसायचं. ओल्या जागी त्यात माती साच्यात घातल्यासारखी बसली, दर खेपेला खुरप्यानं उकरून काढायला लागली. दोन गोष्टी केल्या. काठ कमी केले, अर्धा इंच ठेवले, अन् पात्याच्या मधोमध दोन लांब खाचा पाडल्या. गुळगुळीत सलग पात्याला चिकण माती हवा न घेता चिकटते, खाचेतून हवा गेली की सुटते. पुढं कळलं की इंग्लंडात शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यासाठी नाल्या काढणारे मजूर चिकणमातीसाठी अशी उघड्या पात्याची कुदळ जुन्या काळापासून वापरत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट धीर आला, की आपण बरोबर वाटेवर होतो.

आणखी एक गोष्ट अवजाराची नाहीच, वाफशाची आहे, म्हणजे मातीतल्या बेताच्या ओलीची. कोरड्यात खोदू नका अन् ओल्यात तर मुळीच नको. नालीची रेघ आखून तिच्यावर पाणी सोडायचं, दोन-तीन दिवस थांबायचं, मुठीत दाबली तर ढेकूळ होईल अन् बोटानं दाबलं की फुटेल, अशी माती झाली की हात घालायचा. तात्यांनी हेच आधी सांगितलं होतं, कोणी ऐकलं नव्हतं.

मध्ये एक मोह झाला तोही सांगतो. मला वाटलं एकाच अवजारात दोन्ही करावं, बगळ्याच्या पात्याच्या मागच्या बाजूला टिकावाचा दात. दिसायला लई भारी झालं, बघणारे म्हणायचे हे खरं मशीन. पण ठोका मारला की वाकडी मान स्प्रिंगसारखी लचकायची, जोर मातीत जायच्या ऐवजी मानेत जायचा, दोन दिवसांत मान फिरली. ओढायच्या अवजाराचा आकार ठोकायच्या अवजाराला चालत नाही. दात काढून टाकला, अन् जुनी पहारच टोकाला ठोकून तीन इंच चपटी केली. एकानं पहारीनं सहा इंचाचा थर मोकळा करायचा, दुसऱ्यानं दोन पाय नालीच्या दोन बाजूंना ठेवून मागं मागं सरकत बगळ्यानं माती ओढून एकाच बाजूला टाकायची, असे तीन थर. बगळ्याचं वजन आटोक्यात राहिलं, अन् जोडीनं काम करताना अर्ध्या तासानं अदलाबदल केली की कंबर धरत नाही.

आकडे सांगतो. पहिल्या दिवशी चार माणसांनी एकशेवीस फूट काढली होती, माणशी तीस. बगळा अन् चपटी पहार घेऊन जोडीनं दिवसाला एकशेतीस फूट पडली, माणशी पासष्ट, अन् उरलेली चारशेऐंशी फूट नाली दोन माणसांनी चार दिवसांत संपवली. जुन्या पद्धतीनं त्याला सोळा रोज लागले असते, लागले आठ. नाली बरोबर चार इंच नाही येत, पाच भरते, काठ थोडा ढासळतोच. तरी एक फुटाच्या निम्म्याहून कमी. माती मात्र माणशी कमीच निघते हेही खरं सांगायला पाहिजे, घनफुटात मोजलं तर फावडंवाला जास्त काढतो. फायदा वेगाचा नाही, जी काढायचीच नव्हती ती माती न काढण्याचा आहे.

मुळ्यांचं म्हणाल तर बारीक तुटल्याच. पण जाड मुळी लागली की चपट्या पहारीला ठक्क असं जाणवतं, टिकावाच्या झोक्यात ते कळायच्या आत मुळी गेलेली असते. जिथं जमलं तिथं मुळीखालची माती बगळ्यानं ओढून पाइप खालून सरकवला, वीस फुटाचा पाइप तेवढा लवतो. जिथं नाही जमलं तिथं छाटणीच्या कात्रीनं स्वच्छ कापून तोंडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद अन् चुन्याचा लेप लावला. तात्या चारही दिवस खुर्ची टाकून बसले होते, कात्री त्यांच्याच हातात.

कोणी हे करणार असेल तर दोन अडचणी आधीच लक्षात घ्या, आम्हाला त्या महागात पडल्या. अरुंद नालीत हात जात नाही, म्हणून पाइपाचे जॉइंट वरच सोल्युशन लावून करायचे, सुकू द्यायचे अन् मग पूर्ण लांबी खाली सोडायची. टी अन् व्हॉल्व्हच्या जागी मात्र फूटभराचा चौकोनी खड्डा करायलाच लागतो. अन् बुजवताना ढेकळं लोटू नका, अरुंद जागेत ढेकूळ अडकतं अन् खाली पोकळी राहते, पहिल्या पावसात तिथं माती बसते अन् जॉइंटवर ताण येतो. आधी मोटर चालू करून लिकेज बघायचं, मग बारीक माती, मग बाकीची.

आता पेटंटचं. आठवडी बाजारात मामांनी दोन बगळे विकायला ठेवले अन् तिथून चर्चा सुरू झाली. मी ज्याला विचारलं त्यानं वेगळं सांगितलं, शेवटी कायदा समजून घेतला. १९७० चा पेटंट कायदा आहे, पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं, ऑनलाइन अर्जाची फी एकट्या माणसाला १,६०० रुपये, आधी कच्चा अर्ज टाकून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. इथपर्यंत आपल्या आवाक्यातलं. अडतं ते नवेपणावर. अर्जाच्या आधी वस्तू लोकांपुढं आली तर नवेपणा जातो, सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनाला १२ महिन्यांची सवलत आहे पण आठवडी बाजाराला ती कशी लागू होणार. अन् कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की माहीत असलेली साधनं, जी आपापलं काम नेहमीसारखंच करतात, ती नुसती मांडून किंवा जोडून ठेवली तर तो शोध धरत नाहीत. अरुंद पातं जगात आहे, वाकडी मान आहे, खाचांचं पातं पण आहे. आम्ही ते आमच्या मातीला अन् आमच्या झाडाला जुळवलं. अर्ज टाकला नाही.

पण त्या वाचनात एक शब्द सापडला जो माझ्या मनात राहिला. अर्ज करायचा हक्क कायदा "खऱ्या आणि पहिल्या शोधकाला" देतो. मी विचार करत बसलो की आमच्यात तो कोण. लोक माझं नाव घेतात, कारण अवजार माझ्या गाडीवर दिसतं. मान मामांच्या डोक्यातून आली, रंग त्यांच्या डोळ्यातून. अन् त्या दिवशी तात्यांनी मुळ्या पंच्यात बांधून घरी आणल्या नसत्या तर मी आजही एक फुटाच्या नाल्या काढत असतो. अर्जावर मी माझं एकट्याचं नाव लिहू शकलो नसतो, म्हणून इथं तरी नीट लिहितोय. कोणाकडं असं काही असेल अन् अजून चारचौघांत दाखवलं नसेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानला कळवा, २००० साली सुरू झालेली संस्था आहे, एनआयएफ म्हणतात, गावपातळीवरच्या शोधांना पेटंटसाठी मदत करतात. दाखवायच्या आधी कळवा, हे मात्र विसरू नका.

पुढच्या हंगामात एका दुकानात बगळ्याची नक्कल आली. साध्या पत्र्याचं पातं, वेल्डिंग केलेलं, खाचा नाहीत, रंग चकचकीत. आमच्यापेक्षा स्वस्त. मला राग नकलेचा नाही आला, राग आला तो याचा की एका शेतकऱ्यानं ते घेतलं, दुसऱ्या दिवशी वाकलं, अन् तो म्हणाला अरुंद नालीचं सगळं खोटं आहे. त्याला मामांचं एक पातं नेऊन दिलं, त्याच्याच मानेला बोल्ट पाडून बसवलं, मग चाललं.

खरी हार झाली ती बीडच्या बाजूला एका डोंगरकडच्या रानात. वर सहा इंच माती अन् खाली कडक मुरूम, त्याच्याखाली खडक. तिथं बगळ्याला ओढायला मातीच नव्हती. दोन दिवस घालवले, चाळीस फूट झाली, मग सरळ सांगितलं की दादा, इथं खडक फोडायचा ब्रेकर लावा, माझे दोन दिवस मी धरत नाही. आता काम घ्यायच्या आधी मी रानात चार ठिकाणी पहार मारून बघतो, फूटभर सहज गेली तरच बगळा काढतो.

परवा मामांनी तीन इंचाचं पातं करून दिलंय, सोळा एमएमच्या लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या पुरायला मागितलं होतं मी, कारण खारी अन् उंदीर वरच्या नळ्या कुरतडतात. अजून मातीत घातलं नाही. दाजीच्या रानातच पहिली रेघ आखलीय, काल पाणी सोडलंय, तात्या म्हणले परवापर्यंत वाफसा येईल.